निंगाप्पांच्या गाडीतली खोट

"ह्या गाडीत खोट काढायची म्हंजे चांगल्या पोरीला नकार द्यायला आणल्यागत झालं," गाडीखाली बाबालाल मिस्त्री स्वतःशीच पुटपुटत होते. "नाक सरळ, डोळं सरळ, चाल सरळ. आता काय तिच्या सावलीला नाव ठेवू?"

त्यांना वाटत होतं कुणाला ऐकू जात नाही. मी मागच्या चाकाला टेकून, चहाची किटली घेऊन उकिडवी बसले होते. गाडीखालून त्यांचे पाय तेवढे बाहेर आले होते.

"मिस्त्री, चहा," मी म्हणाले.

पाय थांबले. "वैनी, तुम्ही हाय व्हय? ऐकलंसा?"

"ऐकलं."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "चेसी बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले, गिअर बघितला. बेरिंगसुद्धा हातानं फिरवून बघितलं. नाव ठेवू तरी कशाला?"

"कशाला बी ठेवा. फकस्त ठेवा."

"अल्ला," मिस्त्री गाडीखालून म्हणाले, आणि पुन्हा पाना फिरवायला लागले.

पलीकडं फणसाखालच्या बाकावर निंगाप्पा आणि मालक बसले होते. मालक म्हणजे आमचे हे, सातापा. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, मालकी कुणाची चालते हा भाग निराळा. निंगाप्पा त्यांना गाडीच्या स्वभावाबद्दल सांगत होते. सकाळी पहिल्यांदा कशी कुरकुरते, पावसात कुठल्या बाजूला ओढते, ओला ओंडका भरला की कसा दम धरते. मालक ऐकत होते आणि मधूनमधून खो खो हसत होते. ही गाडी दारात येईपर्यंत वर्षभर मी ते हसणं ऐकलं नव्हतं. म्हणून तर मी फणसाकडं बघायचं टाळत होते.

मालकांनी सगळी उमेद वखारीच्या शेटच्या गाडीवर घालवली. डोंगरातनं निलगिरीचे ओंडके भरायचे आणि आजऱ्याच्या बाजूला वखारीत आणून टाकायचे. लग्नाच्या आधीपासून तेच काम. गाडी शेटची, पण पंचक्रोशीत तिला कुणी शेटची म्हणत नव्हतं. "सातापाची गाडी आली," असंच म्हणायचे. मग एका दिवशी रिकामी गाडी घेऊन घाट उतरताना मालकांनी ती रस्त्याच्या मधोमध आणली आणि तशीच दरीच्या अंगानं जाऊ दिली. शेजारी जानबा बसला होता. जानबा त्यांचा जोडीदार, ओंडके भरणारा. त्यानं हातब्रेक ओढला म्हणून दोघं घरी आले. शेटला त्यानं सांगितलं, "सातापाचा जरा डोळा लागला." मला मात्र विहिरीवर गाठून सांगितलं, "वैनी, डोळं उघडं हुतं. सताड उघडं. माणूस मातूर आत नव्हता."

त्यानंतर तो माणूस घरातही असा मधेच निघून जायला लागला. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हात तसाच राहायचा. तोंड हलायचं, पण घास नसायचा. थोड्या वेळानं परत यायचे आणि विचारायचे, "काय बघतीस गं?" एकदा चुलीपाशी पडले. हात वळलेले, दात बसलेले, तोंडाला फेस. आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, कांदा फोडून नाकाशी धरला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं?" आत्ती म्हणाली, "चक्कर आली तुला. उपाशी हिंडतोस."

मी तोंड उघडणार, तोवर आत्तीनं माझं मनगट दाबलं.

त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. घरातच काय, आळीतसुद्धा. नाव घेतलं की त्याला घर कळतं, असं आत्ती म्हणायची. आत्तीचा भाऊ त्याच दुखण्यात ओढ्यात बुडाला. त्याच्या नावाची गोष्ट निघाली तरी ती "पाण्यानं गेला" एवढंच म्हणायची. त्यामुळं मालकांना काय होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावात एकालाही ते सांगता येत नव्हतं. शेटनंही नाही सांगितलं. त्यांनी मालकांना गाडीवरून उतरवून यार्डात घेतलं. "सातापा, तिथं जाणता माणूस पायजे," म्हणाले. मालक हातात खडू घेऊन ओंडक्यांवर खुणा करत उभे राहायला लागले. गाडी आत शिरली की खडू खाली ठेवायचे आणि ती लागेपर्यंत नुसते बघत राहायचे. हे मला जानबानंच सांगितलं.

मी त्यांना गडहिंग्लजला डॉक्टरकडं नेलं, पण गुडघ्याचं निमित्त करून. डॉक्टर चांगला होता. मालकांना बाहेर बसवून माझ्याकडून सगळं ऐकलं, तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. दुखण्याचं नाव इंग्रजीत घेतलं. मग मराठीत मालकांना म्हणाला, "गोळी चुकवायची नाही, आणि गाडी चालवायची नाही."

परतीच्या एस.टी.त मालक खिडकीतनं बाहेर बघत होते. म्हणाले, "इंग्रजीत काय म्हणला गं त्यो?"

"मला काय कळतंय इंग्रजीतलं?"

"मलाबी न्हाई कळलं." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "शेटची गाडी तर सुटलीच हाय. आपल्या स्वतःच्या गाडीचं त्यानं काय सांगितलं न्हाई."

आम्हाला कुठं स्वतःची गाडी होती! मी गप्प बसले. तिथंच चुकलं. कारण पुढच्याच महिन्यात निंगाप्पांची गाडी विकायची आहे अशी बातमी आली.

निंगाप्पा सीमेकडच्या गावचे. एकटे होते, आता बेळगावला लेकीकडं कायमचे राहायला चालले होते. लहान सहाचाकी ट्रक, उभा जन्म लाकूड वाहिलेला, पण अंगावर ओरखडा म्हणून नाही. निंगाप्पा गाडीत पायताण घालून चढत नसत. एजंट जास्त पैसे देत होता, पण तो गाडी तोडून भंगारात घालेल म्हणून त्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. "जाणत्याच्या हातात द्यायची हाय," म्हणाले. कुणीतरी त्यांना सातापाचं नाव सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. ते तर कुणी कुणालाच सांगत नव्हतं.

वखारीतला फंड होता, माझ्या पाटल्या होत्या. पैशाची अडचण काढावी तर तीही निघेना. मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीलाच नावं ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला निंगाप्पा गाडी दाखवायला आले तेव्हा जानबानं मागच्या टायरांवर हात फिरवला. "गुळगुळीत झाल्यात. घाटात घसरंल की हो." जानबाच पुन्हा मालकांच्या शेजारी बसणार होता. त्याची बायको मला त्याआधीच भेटून गेली होती. नुसती रडून गेली. मालक जानबाला म्हणाले, "तू असलास की मला घाटाचं भ्या न्हाई." त्यावर जानबा म्हणाला, "मी आपला मागं लाकडावर बसत जाईन. वारा लागतोय." सगळे हसले. मालक सगळ्यात जास्त.

पुढच्या खेपेला निंगाप्पांनी मागचे टायर नवे घालून आणले.

मग आत्ती गाडीसमोर उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे यायचे. नंबरपाटीवरचे आकडे बोटांवर मोजून ती म्हणाली, "बेरीज आठ येती. शनीचा आकडा. आपल्याला न्हाई सोसायचा."

"आक्का," निंगाप्पा हात जोडून म्हणाले, "ह्याच नंबरावर मी दोन लेकींची लग्नं केली. आणि बायको दवाखान्यात हुती तवा हिनंच मला पोसलं. शनी असंल तर लई मायाळू शनी म्हणायचा."

आत्तीनं नंबरपाटीकडं पाठ फिरवली. ती आत गेली आणि चुलीवर उगाच पाणी ठेवून बसली.

मी दार करकरतंय म्हणाले. त्याला त्यांनी तेल घातलं. मग पाट्यातलं एक पान दबलंय म्हणाले, खरं तर मला पाट्यातलं काही कळत नव्हतं. ते त्यांनी बदलून आणलं. एवढ्याशा तक्रारींसाठी म्हातारा माणूस पुन्हापुन्हा सीमेवरनं गाडी घेऊन यायचा. यायचा तेव्हा गाडी आधीपेक्षा चांगली असायची आणि माणूस थोडा उतरलेला. मागच्या खेपेला दारात पाणी घेताना मला म्हणाले, "बाई, मला वाटायचं मी गाडी नीट ठेवली हाय. तुमच्याकडं आल्यापासनं कळतंय किती खोट हुती तिच्यात."

मला त्या माणसाच्या तोंडाकडं बघवेना. मी तांब्या आत नेऊन ठेवला.

आता एकच आशा होती, बाबालाल मिस्त्री. पंचक्रोशीत गाडी घ्यायची तर मिस्त्रींचा शब्द शेवटचा. आदल्या दिवशी मी त्यांच्या गॅरेजवर गेले होते. मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, "बघतो वैनी." हात पुसायचा बोळा त्यांनी दोन्ही हातांत पिळला आणि माझ्याकडं बघितलं नाही.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. चहा एका घोटात संपवला. फणसाखालून मालक आणि निंगाप्पा उठून आले. जानबाही आला. आत्ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बोला मिस्त्री," मालक म्हणाले. लग्नाच्या दिवशी होता तसला चेहरा झाला होता त्यांचा.

मिस्त्रींनी घसा साफ केला. "तशी गाडी बरी हाय. पर क्लच प्लेट जरा... गेल्यागत वाटती."

निंगाप्पा त्यांच्याकडं बघतच राहिले. "मिस्त्री, क्लच प्लेट तुम्हीच घातली की. दसऱ्याला. तुमच्याच गॅरेजात मी दिवसभर बसून हुतो. तुमच्या पोरानं मला जेवाय दिलं."

मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "व्हय की. मग... मग चांगली असंल."

मालकांनी टाळी वाजवली. "झालं तर मग! आता चढावर घालू."

लाकडाची जुनी गाडी आमच्याकडं रिकामी बघून घेत नाहीत. विकणाऱ्यानं स्वतः ओंडके भरून द्यायचे. घेणाऱ्यानं भरली गाडी खिंडीच्या चढावर निम्म्यापर्यंत न्यायची आणि तिथं थांबवून नुसत्या हातब्रेकवर सोडायची. घेणाऱ्याच्या घरच्या बाईनं मागच्या चाकाला दगड लावायचा. गाडी मागं रेलली तर दगड चाकाखाली आवळतो, मग व्यवहार मोडला. रेलली नाही तर दगड हातानं सहज निघतो. बाईनं "दगड सुटा" म्हणून सांगायचं, गाडीला कुंकू लागतं आणि गाडी त्या घरची होते. पुरुषांनी काही म्हणावं, शेवटचा शब्द बाईचा. ही रीत कुणी पाडली माहीत नाही. घाटात नवरे गेलेल्या बायकांनीच पाडली असावी.

मी पुढं जाऊन निम्म्या चढावर उभी राहिले. हातात दगड. शेजारी आत्ती कुंकवाचं ताट घेऊन. डाव्या हाताला उतार सरळ ओढ्यापर्यंत जातो. खालून गाडीचा आवाज आला. निंगाप्पा मालकांच्या शेजारी बसले होते, मांडी घालून, देवळात बसल्यागत. त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ते विश्वासानं बसले होते.

आत्तीचे ओठ हलत होते. माझेही हलत असावेत. आज नको, एवढंच मी म्हणत होते. ह्या वळणावर नको, त्या म्हाताऱ्याला घेऊन नको.

आणि मालकांनी काय गाडी आणली! मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना गाडी चालवताना बघत होते, पण इतकी सुरेख चालवलेली कधी बघितली नव्हती. वळणाच्या अलीकडं गिअर पडला तो ऐकूसुद्धा आला नाही. ओंडके हलले नाहीत. गाडी गाभण म्हशीसारखी जपून वर आली आणि माझ्यापुढं येऊन थांबली. काचेतनं मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी त्यांना सगळं जग परत मिळालं होतं.

"दगड!" त्यांनी हाक मारली.

मी वाकले आणि चाकामागं दगड ठेवला. मालकांनी हातब्रेक ओढून पायाखालचा ब्रेक सोडला. ओंडक्यांचे दोर करकरले. गाडी तसूभर हलली नाही. मी दगडाला हात लावला. तो माझ्या हातात तसाच्या तसा निघून आला, घरातला बटाटा उचलावा तसा. मी तो पुन्हा खाली ठेवला.

खालून चढ चढून मिस्त्री आणि जानबा येऊन थांबले होते. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काय गं?" मालकांनी विचारलं.

"अडकलाय," मी म्हणाले.

"काय?"

"दगड अडकलाय. निघत न्हाई."

निंगाप्पा अनवाणीच खाली उतरले. "असं कसं हुईल? बाई, असं कसं?" ते चाकापाशी आले, पण दगडाला हात लावायचं धाडस त्यांना होईना. घेणाऱ्याच्या बाईचा दगड विकणाऱ्यानं शिवायचा नसतो. त्यांनी चाकावरच्या चिखलपाट्यावर हात ठेवला, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "कधी रेलली न्हाई ही. कधीच न्हाई."

मालकांनी गाडी गिअरात टाकून बंद केली आणि उतरले. सावकाश चालत मागं आले. मी बाजूला झाले. त्यांनी खाली वाकून एका हातानं दगड उचलला.

ओढ्याकडं कुणाची तरी शेळी ओरडत होती.

मालकांनी दगड हातात फिरवून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"सातापा," निंगाप्पा म्हणाले. "तुम्हाला गाडी नको असंल तर नको म्हणा. मी घेऊन जातो. पर हिच्यावर खोटं घालू नका. मी म्हातारा माणूस हाय, हिच्याबिगर माझ्याकडं सांगाय दुसरं कायबी न्हाई. टायर म्हणलासा, मी घातलं. पाटा म्हणलासा, घातला. आता दगड सुटा असून अडकला म्हणता. माझ्या गाडीनं तुमचं काय वाईट केलंय?"

त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले आणि त्याच टोकानं गाडीवरची धूळही पुसली.

मालक जानबाकडं वळले. "जानबा, टायर खरंच गुळगुळीत हुतं का?"

जानबानं ओंडक्यांकडं बघितलं.

"मिस्त्री, क्लच?"

मिस्त्रींनी बोळा काढला आणि स्वच्छ हात पुसायला लागले.

"वैजंता." मालकांनी माझं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. "तू सांग. गाडीत खोट न्हाई. मग तुम्ही सगळी इतकं दिवस खोट कुणाची झाकताय?"

मी तोंड उघडलं. डॉक्टरचा इंग्रजी शब्दसुद्धा मला पाठ होता. पण समोर तो माणूस हातात दगड घेऊन उभा होता, आणि माझ्या तोंडातनं नुसती हवा बाहेर आली.

"बोल की गं," ते म्हणाले. "मी काय केलंय?"

तेव्हा आत्ती पुढं झाली. तिनं कुंकवाचं ताट रस्त्यावर मातीत ठेवून दिलं. ताट असं जमिनीवर ठेवणारी ती बाई नव्हती. ती मालकांच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्यांच्या छातीला लागत होतं. तिनं दोन्ही हात वर करून त्यांचं तोंड धरलं आणि खाली आपल्याकडं वळवलं. एकदा तिनं ओढ्याकडं बघितलं. मग परत लेकाकडं.

"सातू," ती म्हणाली, "गाडीत कायबी न्हाई, बाळा. तुला फेफरं येतंय."